परगावच्या सरपंचाचा नारळ

गेनबांना आमच्या सोसायटीत सगळे सरपंच म्हणतात आणि ते सरपंच नाहीत. गाव शहरात गेलं, ग्रामपंचायत गेली, पद गेलं; आवाज मात्र ग्रामसभेचाच राहिला. आम्ही शनिवार पेठ सोडून त्यांच्याच उसाच्या रानावर फ्लॅट घेतला, तेव्हा मी बोलू नये हे खरं. पण न बोलणं आमच्या पेठेत शिकवत नाहीत.

यंदा जत्रेत पेच पडला. कुस्त्यांच्या आखाड्याचा नारळ शिवेला लागून असलेल्या गावच्या सरपंचानं फोडायचा, असा रिवाज. भोवतालची सगळी गावं शहरात गेलेली. सरपंच औषधालाही सापडेना. कोणीतरी नगरसेवकाचं नाव काढलं. गेनबा कडाडले, "मग जत्रा कशाला? मॉलच भरवा की!"

आणि त्यांना आपल्या घराच्या माडीवरचा भाडेकरू आठवला. बेहझाद, इराणच्या खेड्यातला, फार्मसी शिकायला आलेला. त्याचे वडील तिकडचे गावकारभारी, म्हणजे सरपंचच. नारळाला हात बेहझादचा, मान वडिलांचा, असं ठरलं.

"पण शीव कुठे लागते?" मी विचारलं.

"पोरगं माझ्या माडीवर ऱ्हातंय. वर त्यांचं गाव, खाली माझं. ही शीव न्हाय तर काय हाय?"

मी शीव मान्य केली.

तरी ते खरंच गाव आहे की नुसती वस्ती, याची खात्री करायला गेनबांच्या ओसरीवर व्हिडिओ कॉल लागला. गेनबा फेटा बांधून बसले. त्यांच्या बायकोनं, सरुबाईंनी, फोनपुढे चहाची कपबशी ठेवली; पाहुण्याला कोरडं कसं बसवायचं? पडद्यावर पांढऱ्या मिशांचा माणूस, मागे अक्रोडाचं झाड. त्यांना फारशीखेरीज काही येत नव्हतं, म्हणून बेहझाद मधे बसला.

"लोकसंख्या?" गेनबांनी थेट विचारलं.

"साठ," बेहझादनं वडिलांचं उत्तर सांगितलं.

"हजार?"

"माणसं, काका. एकोणीस घरं."

गेनबा हबकले. आमच्या एका इमारतीत याहून जास्त माणसं लिफ्टसाठी भांडतात.

"आन तरी पंचायत हाय?"

वडील बराच वेळ बोलले. बेहझादनं मान खाली घालूनच मराठी केलं. "पंचायतीला वीस घरं लागतात. माझ्या सख्ख्या काकांनी तिकडे शहरात घर घेतलं, एक कमी झालं. आता मोजायला माणसं येणार. मग आम्हाला शेजारच्या गावात घालतील. बाबा म्हणतात, मान द्यायच्या आधी हे तुम्हाला माहीत हवं. मी थोडेच दिवस सरपंच आहे."

मला त्या मिशीवाल्या माणसाचं फार वाईट वाटलं, हे सांगून टाकतो.

गेनबा फोनजवळ सरकले. "त्यांना म्हणावं, माझं घर धरा. इसावं. तसाबी मी आता कंच्या गावचा हाय?"

बेहझादनं सांगितलं. वडील आधी हसले, मग हसायचे थांबले आणि हात छातीवर ठेवून काही बोलले.

"बाबा म्हणतात, सरकार धरणार नाही. पण ते धरतात. तुम्ही आमच्या गावचे. मग नारळ आमच्या वतीनं तुम्हीच फोडा."

गेनबांना हे कायदेशीर वाटलं. जत्रेच्या पंचांनाही वाटलं; आमचे पंच रिवाजाला पक्के, भूगोलाला नाहीत.

जत्रेत भोंग्यावरून पुकारा झाला, "परगावचे पाहुणे, गेनबा, यांनी पुढं यावं!" पोरांनी शिट्ट्या मारल्या. गेनबा स्वतःच्याच गावच्या मातीत पाहुण्यासारखे जपून चालत आले, नारळ फोडला आणि माझ्याशेजारी येऊन बसले.

"लई उपऱ्यावानी वाटलं बघा," ते हळू म्हणाले. "तुमास्नी हितं ऱ्हायला आल्यावर असंच वाटलं व्हतं का?"

मी होय म्हणून मान हलवली. त्यांनी खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि पहिली कुस्ती लावायला सांगितलं.