भिंतीकडे तोंड केलेले डॉक्टर

निजामाच्या राज्यातली गोष्ट सांगते. अस्वलानं ओरबाडलेला आईचा गाल गावच्या वैदूनं ताणून शिवला होता, म्हणून तिचा डोळाच मिटेना. आदिलाबादच्या दवाखान्यात हैदराबादेहून एक डॉक्टर आलेले. नाव आमी विचारलंच नाही. आईच्या गालाची कातडी ते चिमटीत धरत, सोडत, पुन्हा धरत.

“पहिल्यांदा चिरणं सोपं असतं,” ते बाबांना म्हणाले. “आता आत सगळं चिकटलंय. हसायची नस कापली गेली, तर अर्धं तोंड लटकेल.”

तरी त्यांनी गाल उसवून पुन्हा शिवला. टाके निघाले, डोळा मिटू लागला. पण नस वाचली का, हे आई हसल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि परक्या पुरुषापुढं आई हसते कशाला!

“बाई, एकदाच हसा हो!” डॉक्टरांना घाम फुटलेला.

“काऊन? मी काय तमाशातली हाव?” आई पदराआडून म्हणाली.

शेवटी ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. “पोरी, तू बघ. ओठाचे दोन्ही कोपरे वर जातात का?”

एवढा मोठा माणूस, मास्तरानं शिक्षा केल्यावानी उभा! आईला हसू आवरेना. मी पदर बाजूला केला.

“दोनी गेले!”

डॉक्टर वळले नाहीत. “नीट पाहिलंस ना? अजून एकदा बघ, बाळ.”