उल्हासचा ट्रक का तापेना

नाही गं स्पृहा, ‘शेजारी’ नको लिहूस त्याला. वरच्या खोलीत राहायचा म्हणून काय शेजारी? दोन वेळा आपल्याच ताटात जेवायचा. लिही, उल्हास गांगुर्डे, नाशिकचा. मला मावशी म्हणायचा. हसू नकोस, मी बोलते तसंच लिही. शाळेची पायरी चढले असते तर तुला कशाला त्रास दिला असता?

तर उल्हास इथे जर्मनीत कॉम्प्युटरच्या कामाला आला. दोन वर्षांत ती कंपनीच बंद पडली. घरी वडिलांचा टेम्पो होता, हात बसलेला होता, म्हणून इथली परीक्षा दिली आणि ट्रक चालवायला लागला. नेकारसुल्मच्या आसपासच्या कारखान्यांना सुटे भाग पोचवायचे, पहाटे पाचला निघायचं. म्हणून त्याच्या मालकाने, शेफ म्हणतात इथे, ट्रक घरीच आणू दिला. आपल्या अंगणात, होफ म्हणता ना तुम्ही, तिथे कचऱ्याच्या डब्यांपलीकडे उभा असायचा बघ.

सहा महिन्यांची प्रोबेत्साईट होती त्याची. तेवढ्यात माणूस पसंत पडला तर ठेवायचा, नाहीतर जा. ती पार पडली की मालिनीचे आणि उर्जाचे इथे यायचे कागद होणार होते. बायको-लेक तिकडे, हा इकडे, तीन वर्षं. उर्जा फोनवर आइन्स, त्स्वाय असे इथले आकडे म्हणून दाखवायची मला. तुझ्याच शाळेत येणार होती.

त्या ट्रकची गंमत सांगते. गंमत कसली म्हणा! तो फिनलंडहून आलेला जुना ट्रक. तिकडे थंडी भयंकर, म्हणून इंजिनाच्या पोटातलं पाणी तापवायला विजेचा हीटर बसवलेला. आपण बादलीत सोडतो ना, त्याचाच भाऊबंद. पुढे बंपरला झाकणाचं सॉकेट. संध्याकाळी तळघरातून, केलरमधून वायर ओढून त्यात लावायची. इंजिन कोमट राहतं, सकाळी डिझेल लगेच पेटतं. सगळं त्यानेच समजावलं मला.

जानेवारीत उणे चौदा झालं, आठवतं? पहिल्यांदाच लावला हीटर. पहाटे ट्रक नुसता घरघर करतोय, पांढरा धूर सोडतोय, पण धरत नाही. तुझ्या बाबाने गाडी लावून करंट दिला. बॅटरी ठणठणीत होती. चालू व्हायला सात वाजले. शेफ म्हणाला, एकदा चालतं.

उल्हासने इंजिनाला हात लावून बघितला होता. बर्फ! म्हणजे हीटर तापलाच नाही. संध्याकाळी आला तो थेट केलरमध्ये. फ्यूज बघितला, टायमर बघितला. वायरीच्या टोकाला तुझ्या आईचा केस वाळवायचा ड्रायर लावला, तो मस्त भणभणला. “मावशी, करंट इथपर्यंत येतोय. आतली कॉइलच जळली असणार.” नवी कॉइल मागवली. ती यायला पाच दिवस. तेवढ्यात पुन्हा एक पहाट तशीच गेली. शेफ म्हणाला, दोनदा झालं.

कॉइल आली. या लेकराने गारठ्यात झोपून, बोटं फुटेपर्यंत ती बसवली. वायर लावली. मी वरून खिडकीतून विचारलं, “झालं का रे?” म्हणाला, “झालं मावशी, उद्या गजर लावायला नको, ट्रकच उठवेल मला.”

सकाळी परत बर्फ.

सव्वासहाला शेफचा फोन. उल्हास ‘या, या’, म्हणजे त्यांचं ‘हो, हो’, एवढंच म्हणत होता. फोन ठेवून पायरीवर बसला. मी म्हटलं, “काय म्हणाला?” “उद्यापासून येऊ नकोस म्हणाला. ट्रक न्यायला माणूस पाठवतोय.”

तरी दुपारी उठला, मीटर घेऊन गेला. म्हणे, मला कळायला तर पाहिजे. मी चहा घेऊन उभी. नव्या कॉइलला मीटर लावला, ठीक. मग बंपरच्या सॉकेटला लावला, तर काहीच नाही. झाकण उचलून आत टॉर्च मारला. मी वाकून बघितलं गं.

आत पिवळं-लाल घट्ट बसलेलं. पिना हिरव्या पडलेल्या. आणि तळाशी तांदळाचे दाणे, फुगून पुन्हा वाळलेले.

दसऱ्याला ट्रकची पूजा मीच केली होती. ताट घेऊन खाली गेले, नारळ फोडला, पाणी पुढे शिंपडलं. ते झाकण मला ट्रकचं तोंडच वाटलं. बोटाने उचललं, आत हळदीकुंकू लावलं, चार अक्षता टाकल्या. कुणी विचारलं नाही, कुणी अडवलं नाही. त्या दाण्यांमुळे प्लग आत पुरता बसतच नव्हता. उल्हासला वाटायचं, थंडीने घट्ट झालाय.

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. म्हणाला, “गंज आहे मावशी.” गंज काय मला कळत नाही? मी चहा तिथेच ठेवला आणि रडायला लागले. मला म्हणतो, “अहो मावशी, चहा गार होतोय.”

पिना घासल्या, प्लग लावला. दोन तासांनी हात ठेवला तर इंजिन गरम. ट्रक एका चावीत चालू झाला. कुणासाठी? संध्याकाळी शेफचा माणूस आला आणि घेऊन गेला.

मी श्रीनाथला म्हटलं, मला घेऊन चल, शेफच्या पाया पडते. तर तुझा बाबा म्हणतो, “आई, काय सांगणार त्याला? हळदीकुंकू लावलं म्हणून?” आणि उल्हास म्हणाला, “इथे पाया पडत नाहीत, मावशी.”

दुसरी नोकरी व्हिसाच्या मुदतीत मिळाली नाही. मार्चमध्ये नाशिकला परत गेला. मालिनीला त्याने फोनवर काय सांगितलं, ते मी ऐकलं. “अगं, मलाच जाग आली नाही, तीनदा.” माझं नावसुद्धा काढलं नाही. ती आता त्याच्याशी बोलत नाही म्हणे, लेकीला घेऊन माहेरी सिन्नरला गेली. तीन वर्षं वाट बघितली आणि नवरा झोपून राहिला, असं वाटणारच तिला. माझा फोन ती उचलत नाही. उल्हासला सांगितलं तर म्हणतो, जाऊ द्या.

कसं जाऊ देऊ? तू लिहून घे, आणि हे वाचणारं कुणी नाशिक-सिन्नरकडचं असेल तर त्यांनी माझं एवढं काम करावं. मालिनी गांगुर्डेला गाठा. तिला सांगा, तो रोज साडेतीनला उठत होता, मी जिन्यावर त्याची पावलं ऐकली आहेत. झाकण मी उचललं होतं, म्हणावं. म्हातारीने.