साखळीअण्णांची हरकत

साखळीअण्णा वर्तमानपत्र मागच्या पानापासून उघडत आणि पहिल्या पानापर्यंत कधी पोचतच नसत. निवडणुका, क्रिकेट, कुणाचं सरकार पडलं, यातलं काही त्यांना नको असे. त्यांना हव्या असत नोटिसा. जमीनखरेदीच्या, वारसाच्या, हरवलेल्या दस्ताच्या. भोरच्या ज्या वाचनालयात मी ग्रंथपाल होते तिथे ते दर मंगळवारी एसटीने येत, आठवड्याचे अंक मांडीवर घेत आणि प्रत्येक नोटिशीखाली नखाने रेघ ओढत वाचत. पानं खराब होतात, असं मी एकदा हळूच म्हणाले. त्यावर ते म्हणाले, "बाई, बातमी वाचली न्हाई तर काय बिघडत न्हाई. नोटीस वाचली न्हाई तर रान जातं."

त्यांची सारी नोकरी मोजणी खात्यात गेली. खांद्यावर लोखंडी साखळी टाकून त्यांनी भोंगवलीची शेतं मोजली, शिवऱ्याची मोजली, डोंगरउतारावरच्या खाचरांच्या हद्दी लावल्या. नाव तिथूनच पडलं. निवृत्त झाल्यावर खात्याच्या निकामी सामानातून त्यांनी कोन मोजायचं दुर्बिणीचं यंत्र घरी आणलं आणि ते घडवंचीवर धुतलेल्या धोतरात गुंडाळून ठेवलं. वेल्ह्याच्या पलीकडे, डोंगराच्या अगदी पायथ्याला असलेल्या त्यांच्या वाडीत कुणी बांध कोरला की ते यंत्र बाहेर निघे.

मोजणीचा त्यांचा एकच नियम होता. ज्याच्या हद्दीला आपली हद्द लागते त्या लगतधारकाला आधी नोटीस द्यायची, त्याला जागेवर उभं करायचं, मग दगडाला हात लावायचा. शिवऱ्याला हायवेकडेच्या एका बड्या माणसाने "शेजारी मुंबईला असतो, तुम्ही मोजून टाका" म्हटलं, तेव्हा अण्णा साखळी गुंडाळून तीन तास लिंबाखाली बसून राहिले होते. "शेजारी न्हाई तर मोजणी न्हाई. मी काय चोर हाय व्हय?"

त्यांच्या वाडीत मोबाईलला रेंज नाही. आरोग्य उपकेंद्र आहे, दोन खोल्यांचं. तिथल्या सिस्टर एकट्या. उपकेंद्राच्या गच्चीवर एक मोठी डिश बसवली होती आणि तिच्यातून उपग्रहामार्फत पुण्याचे डॉक्टर पडद्यावर दिसत. एका बाळंतिणीचं रक्त थांबेना तेव्हा डॉक्टर पडद्यावरून सांगत गेले, सिस्टर करत गेल्या, आणि बाई वाचली. ती अण्णांची पुतणी. तेव्हापासून अण्णा रोज सकाळी गच्चीवर जाऊन डिशवरचा पालापाचोळा झाडत. डिश पूर्वेला डोंगराच्या खिंडीकडे तोंड करून होती. उपग्रह त्या बाजूला आभाळात अगदी खाली होता. खिंडीतून जेमतेम दिसायचा, असं अण्णा म्हणत, जणू त्यांनी तो डोळ्यांनी पाहिला होता.

एका मंगळवारी त्यांनी इंग्रजी अंक माझ्यापुढे ठेवला. इंग्रजी त्यांना फक्त अक्षर लावून येई. "चौकटीवरनं कळतं, ही नोटीस हाय. आन् हे नाव सिस्टरच्या डिशच्या डब्यावर लिवलंय. वाचा."

मी वाचलं. एका कंपनीला आपला दळणवळणाचा उपग्रह आकाशातल्या आहे त्या जागेवरून आणखी पूर्वेला हलवायचा होता. तिकडच्या देशांत गिऱ्हाईक जास्त होतं. भारतातली सेवा तशीच चालू राहील, असा शब्द कंपनीने दिला होता. परवानगीसाठी सरकारकडे अर्ज केला होता आणि कुणाची हरकत असल्यास तीस दिवसांत कळवायचं होतं.

"अण्णा, हे मोठ्या कंपन्यांसाठी असतं," मी म्हणाले.

"का? आपली डिश त्याच्याकडंच बघतीया न्हवं? मग आपण लगतधारक. त्याला दगड हालवायचाय, आपल्याला नोटीस दिलीया. सरळ हाय."

मी पुस्तकांतून आणि इंटरनेटवरून नव्या जागेचे दोन कोन काढून दिले, एक दिशेचा, एक उंचीचा. अण्णांनी गच्चीवर यंत्र लावलं आणि वाडीतल्या एका गड्याला डोंगरावर चढवलं. "वर... डावीकडं... आरं डावीकडं, तुझं डावं न्हवं, माझं डावं. थांब." तो थांबला तिथल्या कातळावर शेंदराची खूण करवून घेतली. उपग्रह नव्या जागी गेला की त्या खुणेच्या मागे जाणार होता. मध्ये अख्खा डोंगर. डिशला कातळाखेरीज काही दिसणार नव्हतं.

ते सगळं अण्णांनी मराठीत लिहून आणलं, नकाशासकट. वर मोठ्या अक्षरांत ‘हरकत’, खाली दोन रेघा. मी इंग्रजी केलं. ते अर्जाच्या भाषेसाठी अडून बसले नाहीत, एका शब्दासाठी बसले. मी ‘हरकत’ऐवजी ‘सूचना’ लिहू या म्हणाले होते. "हरकत म्हंजी हरकत. सूचना लग्नात देत्यात, मांडव कुठं घालायचा म्हणून."

शेवटच्या दिवशी मी वाचनालयाच्या संगणकावर अर्ज भरायला बसले. अर्जदार कोण, असं विचारून चार पर्याय दिले होते. लगतधारक त्यात नव्हता. मी ‘इतर’ निवडलं. पुढे हरकत निवडली की परवाना क्रमांक मागत होते. आमच्याकडे कसला परवाना? तीनदा पान बंद पडलं. त्याखाली ‘अभिप्राय’ असा पर्याय होता. तिथे क्रमांक मागत नव्हते. मी तो निवडला. नकाशा लगेच गेला, पोच मिळाली. पोच इंग्रजीतच होती, ती छापून एक प्रत अण्णांना दिली. "गेली का हरकत?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "गेली."

मधल्या काळात कंपनीचा एक माणूस वाडीत येऊन गेला. नाकाला रुमाल लावून तो गच्चीवर चढला, डिशशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला आणि सिस्टरना विचारलं, "हे तुम्ही खरंच वापरता?" अण्णांनी शेंदराची खूण दाखवली. तिकडे न बघताच तो म्हणाला, "काका, आकाश खूप मोठं आहे." जाताना त्याने उपकेंद्राला सिमेंटची दोन बाकं कबूल केली. बाकं आली. पाठीवर कंपनीचं नाव, फूल काढून. सरपंचांनी नारळ फोडला. त्या नारळाचं खोबरं मीही खाल्लं, हे आठवलं की आजही तोंड कडू होतं.

परवानगीचा हुकूम निघाला तेव्हा अण्णा समोर बसले होते. मी तो मराठी करून वाचत होते. व्यापक जनहित, कार्यक्षम वापर, वगैरे. वाक्यं अशी की माणूस कुठे सापडूच नये. आणि दुसऱ्या पानावर: ‘विहित मुदतीत एकही हरकत प्राप्त झाली नाही. आलेले अभिप्राय नोंदवून घेण्यात आले.’ ती ओळ मला गाळता आली असती. गाळली नाही, यापलीकडे माझ्या बाजूने सांगण्यासारखं काही नाही.

"मग आपण काय धाडलं हुतं?"

मी सांगितलं. इतर, परवाना क्रमांक, अभिप्राय, सगळं.

अण्णांनी मांडीवरचे अंक खाली ठेवले. मग म्हणाले, "म्हंजी आपली हद्द आपुनच सोडली." आणि एसटीची वेळ झाली म्हणून उठले. दारातून वळून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, बाई. तुमी काय मोजणी खात्यात न्हवता." त्यांनी रागावायला हवं होतं. मला त्या हुकमाची किळस आली होती, रुमालवाल्याची आली होती. पण त्या क्षणी सर्वांत जास्त माझ्या त्या सोयीच्या, नीटनेटक्या स्वभावाची आली. एक खिडकी बंद दिसली की मी शेजारच्या खिडकीत जाते. कागद कुठे जातो ते बघत नाही.

उपग्रह गेला. कंपनीचा तंत्रज्ञ नव्या कोनात डिश फिरवायला आला. डिश फिरली आणि थेट शेंदराच्या खुणेवर येऊन थांबली. पडद्यावर काही आलं नाही. तंत्रज्ञाने यंत्रं तीनदा तपासली, मग डोंगराकडे पाहिलं.

"काका, ती खूण कुणी केली?"

"म्या. तुमी यायच्या आधी."

आता सिस्टर कागदावर लक्षणं लिहून घेतात आणि वरच्या खिंडीत रेंज येते तिथवर चढतात. जाऊन-येऊन दीड तास. तेवढा वेळ पेशंट बाकावर बसतो, कंपनीच्या नावाला पाठ टेकून.

अण्णा त्यानंतरच्या उन्हाळ्यात गेले. झोपेत, आपल्या घरात. डिश चालू असती तर वाचले असते, असं लिहिलं तर हे सगळं सोपं होईल. पण तसं नव्हतं, आणि अण्णांना खोटी मोजणी खपत नसे.

तेराव्यानंतर त्यांच्या पुतणीने मला मोजणीची वही आणून दिली. "अण्णा म्हणायचं, ही बाईंना द्या." शेवटच्या पानावर डोंगर, डिश, खूण, सगळं मापात. खाली ‘मोजणी मान्य’ असं लिहून सह्या घेतल्या होत्या. सिस्टरची होती, आणि तिच्याखाली त्या तंत्रज्ञाची. कंपनीच्या माणसाची सही अण्णांनी मिळवली होती. त्याच्याही खाली शेऱ्याच्या रकान्यात त्यांच्या ठसठशीत अक्षरात एवढंच होतं: ‘हरकत घेतली आहे. कागद बाईंकडे.’

हे त्यांनी मला सांभाळून घेण्यासाठी लिहिलं की माझ्यावर नोंद ठेवण्यासाठी, ते मला कळलेलं नाही. कागद माझ्याकडे आहे. टेबलाच्या खणात, घडी घातलेला. वर छापलं आहे, अभिप्राय.