सील मारलेला स्वेटर

दातार साहेबांच्या टेबलासमोर मी जाकीट काढलं आणि तेव्हा मला कळलं, की आतला स्वेटर मी उलटा घातला आहे.

स्वेटर साधासुधा नव्हता, सॅम्पल होता. पिंपरीतल्या एका मोठ्या कंपनीला व्हॉलीबॉल टीमसाठी हाताने विणलेले स्वेटर हवे होते. निळ्यावर पिवळे आडवे पट्टे. दातार साहेब तिथले परचेस ऑफिसर. पिशवीत नेला तर चुरगळेल म्हणून शहाणपणा करून मी सॅम्पल अंगात चढवला आणि चिंचवडहून सायकल मारत आलो. निघताना बायको दारात उभी होती. मी जाकिटाची बटणं लावेपर्यंत बघत होती.

चिंचवड गावात माझं लोकरीचं दुकान. तरुणपणी छातीच्या दुखण्याने वर्षभर दवाखान्यात पडून होतो, तेव्हा तिथल्या नर्सबाईंनी वेळ जावा म्हणून विणायला शिकवलं. दुखणं गेलं, सुया राहिल्या. पुढे दुकानामागच्या खोलीत बायका माझ्या ऑर्डरी विणायला येऊ लागल्या. पुरुषाने विणावं याचं गावाला हसू यायचं, पण थंडी पडली की हसणारेच माप द्यायला यायचे.

तर, साहेबांनी मला उभं केलं आणि माझ्याभोवती एक फेरी मारली. लेथ मशीन विकत घ्यायचं असल्यासारखी.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. विणताना रंग बदलला आणि नव्या रंगाची पहिली ओळ उजव्या बाजूने सुलट टाक्यांची घेतली, की पट्ट्याची रेघ आखल्यासारखी येते. तिचीच मागची बाजू मात्र ठिपक्याठिपक्यांची दिसते, दोन्ही रंग एकमेकांत शिरलेले. शिवणीची उभी कडही मागे राहते, आणि एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर नेलेले दोरेही. घरात कोणी विणत असेल तर हे पोराटोरांनाही माहीत असतं. साहेबांच्या घरी बहुतेक विकत आणत असावेत.

“हे डॉटेड काम छान आहे,” साहेब म्हणाले. “बाजारात दिसत नाही असं.”

“साहेब, त्याचं असं आहे की...”

“बाजूची ही कड नको. आणि हे दोरे लोंबतायत ते काढा. बाकी अप्रूव्ह्ड.”

मी तोंड उघडेपर्यंत त्यांनी स्वेटर माझ्या अंगातून उतरवून घेतला होता. गळ्यात पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली, सही ठोकली आणि लाखेचं सील मारलं. याला सील्ड सॅम्पल म्हणतात. माल याच्यासारखा आला तर पास, नाहीतर परत. देव चुकेल, पण सील्ड सॅम्पल चुकत नाही, अशी त्या कंपन्यांतून श्रद्धा आहे.

वर साहेबांनी सल्लाही दिला. “एका बाईला फक्त पुढचा भाग द्या, दुसरीला फक्त मागचा. प्रॉडक्शन वाढेल.”

मी “हो साहेब” म्हटलं. दोन बायकांचा हात सारखा घट्ट कधीच नसतो. ओळी तेवढ्याच विणल्या तरी एकीचा भाग लांब होतो, दुसरीचा आखूड, आणि पट्टे बगलेत एकमेकांना ओळखही देत नाहीत. पण नटबोल्ट आणि माणसाचे हात यांत फरक असतो, हे परचेसच्या माणसाला कोणी सांगावं?

खरं तर मी तिथेच बोलायला हवं होतं. पण मग साहेबांनी नव्याने कोटेशनं मागवली असती, आणि इकडे काळेवाडीची शेवंताबाई या ऑर्डरीकडे डोळे लावून बसली होती. तिच्या नवऱ्याच्या कारखान्याला दिवाळीपासून टाळं होतं. चूल तिच्या सुयांवर पेटत होती. हा माल पास झाला तर वॉचमन लोकांच्या स्वेटरांची मोठी ऑर्डरही आपल्यालाच मिळणार होती. नापास झाला तर मागच्या खोलीला मीसुद्धा टाळं लावणार होतो.

मी बायकांना सगळं सांगितलं. शेवंताबाईने सुई खाली ठेवली.

“साहेबाला पाठ-पोट कळत न्हाई व्हय?”

“सही केलीय त्यांनी.”

“मग काय, सहीला थंडी वाजली तर घालंल ती.”

विणायचं नेहमीसारखंच होतं, शिवायचं वेगळं होतं. मी असं ठरवलं, की कडेचा टाका प्रत्येक ओळीत सुलटच घ्यायचा. त्याने कडेला बारीक गाठींची माळ तयार होते, दर दोन ओळींना एक गाठ. शिवताना दोन्ही भाग एकमेकांवर ठेवायचे नाहीत, शेजारी ठेवायचे आणि गाठीला गाठ जोडत जायचं. निळीला निळी, पिवळीला पिवळी. शिवण सपाट बसते, पट्टा न अडखळता पुढून मागे जातो. टेप लावायचा नाही. लोकर ओढाल तेवढी लांब होते, गाठी मोजल्या की मोजल्या. एका स्वेटरचे पुढचा-मागचा दोन्ही भाग एकाच बाईचे. आणि दोरे वर न्यायचे नाहीत, प्रत्येक पट्ट्याला तोडायचे आणि शेपट्या त्याच रंगाच्या टाक्यांत लपवायच्या.

“भाऊ, इणण्यापरीस शेपट्या लपवायलाच दिस जातोय,” शेवंताबाई कुरकुरली. “आणि आतनं बी साफ कशाला? आतनं कोन बघतंय?”

“साहेबांना उद्या उजवी बाजू कळली तर?”

“त्यांला?” एवढंच म्हणून ती पुन्हा विणायला लागली.

माल घेऊन आम्ही दोघं कंपनीच्या इनवर्डला गेलो. बाहेरून आलेला माल जिथे तपासतात ती खोली. शेवंताबाई दाराबाहेर गाठोड्यावर बसली. इन्स्पेक्शनला शिर्के नावाचे गृहस्थ होते. त्यांनी पहिलाच स्वेटर उचलला, बघितला, नाकाजवळ नेला.

“अहो, हे सगळे उलटे आहेत. आमची मिसेस विणते, मला कळतं.”

दातार साहेबांना बोलावणं गेलं. ते सॅम्पल घेऊनच आले.

“सॅम्पलशी मॅच होतात की नाही?”

“होतात.”

“मग प्रॉब्लेम काय?”

“सॅम्पलच उलटा आहे, साहेब.”

“त्याच्यावर माझी सही आहे.”

“सही सुलटी आहे,” शिर्के म्हणाले. “मी रिजेक्ट टाकतोय.”

दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. साहेब म्हणाले, “विणणारे तुम्ही. उजवी बाजू कोणती, सांगा.”

खरं सांगितलं तर साहेब गेले. खोटं सांगितलं तर शिर्के होते. दारात शेवंताबाई उठून उभी राहिली होती. मी तोंडाऐवजी हात चालवले. स्वेटर उलटवला आणि टेबलावर पसरला. रेघा सरळ, शिवण सपाट, एक शेपटी दिसेना.

“दोन्ही,” मी म्हटलं. “दोन्ही बाजूंनी घालता येतो.”

शिर्क्यांनी कडेवरून नख फिरवलं. कुठेच अडकलं नाही. त्यांनी पासचा शिक्का मारला.

“रिव्हर्सिबल,” दातार साहेब म्हणाले. “मी पहिल्या दिवसापासून तेच सांगतोय.”

स्पर्धेच्या उद्घाटनाला टीम रांगेत उभी राहिली, तेव्हा निम्म्यांच्या अंगावर रेघा होत्या आणि निम्म्यांच्या अंगावर ठिपके. पाहुण्यांनी विचारलं, दोन टीम आहेत का. दातार साहेबांनी त्यांना आपली कल्पना बराच वेळ समजावून सांगितली म्हणे. वॉचमन लोकांची ऑर्डर आम्हालाच आली. शेवंताबाईने पहिला प्रश्न विचारला, पट्टे हायत का. नव्हते.

तेव्हापासून मी शिवण दोन्ही बाजूंनी साफ ठेवतो. गिऱ्हाईक कोणत्या बाजूने शहाणं होईल, याचा नेम नसतो.

माल पास झाला त्या संध्याकाळी घरी आल्यावर बायकोला सगळी हकिगत रंगवून सांगितली होती. ती तांदूळ निवडत ऐकत होती.

“त्या दिवशी उलटा घातलेला दिसला होता मला,” ती म्हणाली.

“मग बोलली का नाहीस?”

“कंपनीत निघाला होतात ना. मला वाटलं, तिथे तसाच घालत असतील.”