द्राक्षाच्या खोडाचं पेन

हातात कुठलंही लाकूड आलं की आमचे शेजारी दादा ते आधी गालाला लावायचे. लाटणं असो, पाट असो, नाहीतर कुणाच्या नव्या पलंगाचा पाय. डोळे मिटून क्षणभर थांबायचे आणि निकाल द्यायचे, "गार हाय अजून. ऱ्हाऊ द्या." ओलं लाकूड गालाला गार लागतं, हे मला त्यांच्याकडून कळलं. असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल, जो लग्नाला गेला तरी नवरा-नवरीच्या आधी मांडवाचे खांब बघून येतो. आमच्या दादांनी तर एकदा पंचवटीत अंत्यविधीला गेल्यावर सरणाचं लाकूडसुद्धा गालाला लावलं. "वेळ लागंल," एवढंच म्हणाले. आणि लागला.

सातपूरच्या एका कारखान्यात ते टर्नर होते, मी तिथेच स्टोअरमध्ये. सिडकोत आमची घरं भिंतीला भिंत लावून होती. नव्वदनंतर कधीतरी त्यांनी भंगारातून लाकूड फिरवत तासायचं एक छोटं लेथ मशीन आणलं, मोरीशेजारी बसवलं आणि शाईची पेनं करायला लागले. विकायला नाही. कुणी मागितलं तर द्यायचे, पण "सहा म्हैन्यांनी या" म्हणून आधी पिटाळायचे. सहा महिन्यांनी येणारे थोडेच.

शिसव, खैर, चिंचेचा गाभा, काहीही चालायचं. परदेशातून नवीन मशीन आलं की कारखान्यात सगळे मशीनभोवती जमत आणि हे मात्र खोक्याच्या फळ्या हुंगत फिरत. म्हशीच्या शिंगाचंही एक पेन केलं होतं. त्या दिवशी जळक्या वासानं गल्लीतल्या सगळ्या खिडक्या बंद झाल्या. बँडवाल्याकडून मोडकी क्लॅरिनेट आणून तिच्या काळ्याभोर आफ्रिकन लाकडाचं पेन केलं, तेव्हा त्यांची बायको म्हणाली, "अहो, हे वाजेल. लिहिणार नाही."

बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. सगळी गल्ली त्यांना बाई म्हणायची आणि दादाही बाईच म्हणायचे. प्रत्येक पेनाची परीक्षा बाईच घ्यायच्या. दोन ओळी लिहायच्या आणि मार्क द्यायच्या. दहापैकी सातच्या वर त्या कधी गेल्या नाहीत.

बाईंच्या निवृत्तीनंतर दोनेक वर्षांनी त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं हळूहळू परतलं, हात परतला नाही. दवाखान्यात बेशुद्ध असताना कुठल्याशा कागदावर त्यांचा अंगठा घेतला होता. शुद्धीवर आल्यावर अंगठ्याची शाई बघून त्या रडल्या. तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना अक्षरं गिरवायला लावलेली बाई. म्हणाल्या, "यापुढे मी अंगठा लावणार नाही. पेन्शन बंद झाली तरी चालेल."

पेन्शनसाठी नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यावा लागतो. सही तरी करायची, नाहीतर अंगठा. त्या वर्षी दादांना दुसरं काही सुचत नव्हतं. बॉलपेन दाबावं लागतं, बाईंच्या बोटांत तेवढा जोर नव्हता. शाईचं पेन नुसतं टेकवलं तरी चालतं, पण ते हलकं हवं. शिसव जड, शिंग निसटतं, एबोनाइटचं कडक रबर घामानं सरकतं. बाई डाव्या हातानं उजवा हात धरून दुरेघी वहीत स्वतःचं नाव गिरवत. दादा समोर बसून बघत आणि उठून पुन्हा लेथवर जात. कितीतरी पेनं झाली असतील. मी मोजली नाहीत.

दसऱ्यानंतर मी सासुरवाडीला पिंपळगावला गेलो होतो. मेव्हण्यानं जुनी द्राक्षबाग काढली होती. खोडं बांधावर पडली होती. पिळदार, हलकी. त्यातलं एक मी घेऊन आलो.

दादांनी ते गालाला लावलं. "गार हाय. हे पुढच्या साली."

"दादा, नोव्हेंबर महिन्यावर आलाय," मी म्हणालो. "बाईंनी वर्षभर कशाला थांबायचं?"

हे मी बोललो. दुसऱ्या कुणी नाही.

 मग दादांनी आठ दिवस ते लाकूड सुकायला बल्बखाली ठेवलं. वजन कमी व्हावं म्हणून शाई धरणारी आतली एबोनाइटची नळीही काढून टाकली, आतून नुसता लाखेचा हात दिला. पुन्हा काही त्यांनी ते गालाला लावलं नाही. मी बघत होतो.

पेन सुंदर झालं. खोडाच्या गाठीवर बाईंचं बोट अगदी नेमकं बसलं. वहीत त्यांनी पूर्ण नाव लिहिलं आणि म्हणाल्या, "नऊ." दादा मोरीत जाऊन तोंड धुऊन आले.

बँकेत मीच रिक्षा करून दोघांना नेलं. काउंटरवरचा मुलगा सज्जन होता. म्हणाला, "आजी, अंगठा दिला तरी चालेल."

"मला लिहिता येतं," बाई म्हणाल्या.

पहिलं अक्षर उमटलं. दुसऱ्याला पेन जोडाच्या आट्यांपाशी तडकलं. लाकूड आकसलं होतं. शाई बोटांवरून मनगटापर्यंत आली, पदरावर सांडली. दादांचा हात पुढे आला आणि तसाच थांबला. बाईंनी आपला निळा अंगठा बघितला. मग डाव्या हातानं उजवा उचलला आणि सहीच्या चौकटीत तो अंगठा टेकवला. चौकटीबाहेर जराही गेला नाही.

"झालं आजी," मुलगा म्हणाला.

तेव्हा मला काहीच वाटलं नाही, हे खरं सांगतो. रिक्षात मी भाड्याचा विचार करत होतो. वाईट वाटायला पुढे बरेच महिने लागले आणि तोवर ते बाईंना सांगायची वेळ गेली होती. बाईंनी पुन्हा पेन मागितलं नाही. उन्हाळ्यात त्या गेल्या. दादा रडले नाहीत, आजारी पडले नाहीत, वेळच्या वेळी जेवत होते. लेथवर मात्र धुणं वाळत घातलेलं असायचं.

पुढच्या नोव्हेंबरात त्यांच्या स्वतःच्या पेन्शनचा दाखला होता. तीच बँक, तोच मुलगा. त्यानं फॉर्म पुढे सरकवला. दादांनी शाईचा पॅड मागितला.

"काका, तुम्हाला सही येते ना?"

"येती," दादा म्हणाले आणि अंगठा पॅडवर दाबला.

मी शेजारीच उभा होतो. माझ्या खिशात पेन होतं. मी ते काढलं नाही.