किनारीसकट मोजलेले चाक

विद्युल्लता गुप्ते यांना बसलेले पाहणे ही दुर्मीळ गोष्ट आहे. भिवंडीतील आमच्या फोल्डिंगच्या, म्हणजे कापड तपासून घडी घालण्याच्या, कारखान्यात त्यांच्यासाठी एक खुर्ची ठेवलेली आहे, परंतु तिच्यावर नेहमी त्यांची पर्स बसलेली असते. लूमवरून उतरलेले कोरे कापड लांब टेबलावरून सरकत असते आणि बाई त्याच्या कडेकडेने चालत असतात. तुटलेला धागा दिसला की खडूने खूण करतात आणि पुढे जातात. मी चिंधू, त्या कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी आहे. उतारवयात संध्याकाळच्या वर्गात मी अक्षरे शिकलो. आमच्या शिक्षिका वल्लरीताई यांनी ओळखीच्या एका व्यक्तीविषयी लिहावयास सांगितले, तेव्हा मला दुसरे नाव सुचले नाही.

बाईंचा जन्म भिवंडीतच झाला. त्यांचे वडील शाळामास्तर होते आणि थोरले बंधू भाऊ हे कचेरीतून निवृत्त झालेले कारकून आहेत. बाईंनी लग्न केले नाही. बहीणभाऊ एकाच घरात राहतात आणि एकमेकांना बोल लावण्यात दोघांचाही वेळ चांगला जातो. हिचे नाव विद्युल्लता ठेवले त्याच दिवशी आमच्या घरातली झोप गेली, असे भाऊ सर्वांना सांगतात. ते खोटे नसावे. बाई जेवताना मध्येच उठून पंखा पुसतात, हे मी स्वतः पाहिलेले आहे.

त्यांचा भाचा सुयश परदेशी गेला आणि जाताना आपली गाडी मावशीला देऊन गेला. ती साधी गाडी नव्हे. तिला दोनच आसने आहेत, छप्पर कापडाचे आहे आणि ती जमिनीला इतकी टेकलेली आहे की भाऊंना तिच्यातून बाहेर काढण्यासाठी दोन माणसे लागतात. बाईंना मात्र ती पहिल्या दिवसापासून मानवली. ती गाडीही त्यांच्यासारखीच आहे. उभी असली तरी निघाल्यासारखी वाटते.

पडघ्याजवळ गोदामांच्या मध्ये सिमेंटचे एक मोठे आवार आहे. मोटारीची हौस असलेली मंडळी तेथे वर्षातून एकदा रविवारी जमतात. जमिनीवर प्लास्टिकचे शंकू मांडतात आणि एकेक गाडी त्यांच्यामधून वेळ लावून सोडतात. गेली काही वर्षे बाई तेथे पडलेले शंकू उचलून उभे करण्याच्या कामाला जात होत्या. या वर्षी त्यांनी चालक म्हणून स्वतःचे नाव दिले. त्यानंतर आयोजकांनी कळविले की त्या आवारात आता नवे गोदाम बांधले जाणार आहे, त्यामुळे हा रविवार शेवटचा. आसपास दुसरी तशी जागा नाही. आपली गाडी एकदा तरी त्या शंकूंमधून स्वतः न्यावी, एवढेच बाईंचे मागणे होते, आणि त्यासाठी एवढा एकच दिवस उरला होता.

अडचण टायरांची होती. ते जुने होऊन त्यांना भेगा पडल्या होत्या. भेगाळलेला टायर किंवा कोठेही घासणारे चाक असेल तर गाडी तपासणीतच बाद होईल, असा नियम होता. बाईंनी मला चाकाजवळ बसवून रबरावरची अक्षरे मोठ्याने वाचावयास लावली. १८५, मग ६०, मग आर, मग १४. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे टायरची भिंत त्या रुंदीच्या शेकडा किती उंच आहे ते. आणि शेवटचा म्हणजे आतल्या धातूच्या चाकाचा व्यास, इंचात. एकाच ओळीत मिलिमीटर, शेकडा आणि इंच कसे नांदतात याचे मला नवल वाटले.

जमिनीला घट्ट धरून ठेवणारा चांगला टायर चौदा इंची चाकासाठी कोठेच मिळेना. पंधरा इंची चाकासाठी मिळत होता. चाक मोठे घेतले तर टायरची भिंत बुटकी घ्यावी लागते, म्हणजे एकूण उंची तीच राहते आणि वेग दाखवणारा काटा खोटे बोलत नाही. बाईंनी हा हिशेब कापडावरच खडूने मांडला आणि १९५, ५०, १५ हे आकडे काढले. तो तागा तसाच घडी होऊन गेला आणि व्यापाऱ्याने डाग पडला म्हणून परत पाठविला.

आता चाकाची रुंदी ठरवायची होती. जुन्या चाकावरचा आकडा रंगाखाली गेला होता. बाईंनी चाक गाडीवरून उतरविले, गळ्यातली टेप काढली आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत मोजले. सात इंच भरले. पडघ्याला चाकांचे दुकान चालविणाऱ्या रुचिका यांना त्यांनी फोनवर कळविले की पंधरा इंच व्यास आणि सात इंच रुंदी असलेली चाके मागवा. रुंदी कशी मोजलीत, असे रुचिका यांनी विचारले. माझा जन्म मोजण्यात गेला, असे उत्तर मिळाल्यावर त्यांनी पुढे विचारले नाही.

चाके नव्या टायरांसह शुक्रवारी आली. ती रुपेरी होती आणि त्यांचे आरे फुलाच्या पाकळ्यांसारखे होते. सगळे कामगार काम सोडून पाहावयास आले. परंतु बाई गाडी वळवून फाटकातून आत घेत असताना पुढच्या चाकातून खर्र असा आवाज आला. त्यांनी गाडी मागे घेतली, पुन्हा वळविली. पुन्हा तोच आवाज. मग त्या ओढणी कमरेला बांधून फाटकासमोरच आडव्या झाल्या आणि विजेरी लावून आत पाहू लागल्या. चाक आणि आतला शॉकॲब्सॉर्बर यांच्यामध्ये किती फट आहे ते हाताने कळेना. त्यांनी फाटकाशेजारच्या आमच्या खोलीत जाऊन माझ्या पत्नीकडे, बायडीकडे, भाकरीच्या पिठाची उकड मागितली.

“गाडीला भूक लागली हाय का, बाई?” बायडीने विचारले.

“तिला नाही. मला खात्री करायची आहे.”

उकडीचा गोळा फटीत दाबून त्यांनी चाक पूर्ण वळविले व सरळ केले. गोळा बाहेर काढला तेव्हा तो एका बाजूने चिरला गेला होता. म्हणजे फट नव्हतीच. बायडी म्हणाली की गाडीनं भाकर न्हाय खाल्ली, चावून टाकली.

बाई उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या. त्यांनी गाडीभोवती फेऱ्या घालावयास सुरुवात केली आणि मी उगाच फाटक उघडू-मिटू लागलो. मग त्या थबकल्या. एक नवे चाक उतरवून त्यांनी टेप लावली. चाकाच्या आत सात हा आकडा ओतलेला होता. टेप आठ दाखवीत होती.

“चिंधू,” त्या हळूच म्हणाल्या, “मी किनार धरली.”

हे मला लगेच समजले, कारण भिवंडीत राहणाऱ्याला ते समजतेच. आमच्याकडे कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, दोन्ही किनारी धरून मोजतात. किनार सोडून मोजणारा माणूस दुसऱ्या दिवशी कामावर राहत नाही. चाकाची रीत उलटी आहे. टायर जेथे टेकतो त्या आतल्या दोन जागांमधले अंतर ही त्याची रुंदी. बाहेर आलेले दोन्ही काठ त्यात धरत नाहीत. गाडीचे मूळ चाक सहा इंची होते. बाईंनी त्याला किनारीसकट सात ठरविले आणि एक इंच जास्त रुंद चाक मागविले. त्यातला अर्धा इंच आत शिरला होता.

शनिवारी सकाळी त्या पडघ्याला गेल्या आणि चाक उचलण्यासाठी मला सोबत नेले. वाटेत त्यांची बोटे स्टिअरिंगवर सतत वाजत होती, आणि प्रत्येक वळणावर आम्ही दोघेही कान देऊन होतो. दुकानात शिरताच त्यांनी रुचिका यांना सांगितले की आकडा मी चुकीचा दिला, दोष तुमचा नाही. एवढे बोलून त्या येरझाऱ्या घालू लागल्या.

सहा इंची रुपेरी चाके पुढच्या आठवड्याशिवाय येणार नव्हती. रुचिका यांनी दुसरा उपाय सुचविला. चाकामागे स्पेसर, म्हणजे धातूची चकती, घालून चाक बाहेर सरकवायचे. पण तसे केले तर टायर वरच्या पत्र्याला लागणार, म्हणून पत्र्याची कडही ठोकून वाकवावी लागणार. उद्यापुरते निभावेल, असे त्या म्हणाल्या. मात्र मी माझ्या गाडीला तसे केले नसते, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले.

“तपासणीत पास होईल?”

“होईल कदाचित. मॅडम, तुम्ही जरा बसा ना. मला गरगरायला लागलंय.”

बाई बसल्या नाहीत. उद्याचा दिवस हातात होता आणि ‘कदाचित’ या शब्दाने तो निसटतही होता. त्या दुकानाच्या मागच्या अंगाला गेल्या. तेथे लोकांनी टाकून दिलेली चाके रचून ठेवली होती. एका कुटुंबाच्या साध्या गाडीची काळी लोखंडी चाके त्यांच्या दृष्टीस पडली. पंधरा इंच व्यास, चार बोल्ट, बोल्टांमधले अंतर बरोबर. या वेळी त्यांनी टेप काढली नाही. चाकावर ठोकलेला आकडा बोटाने घासून स्वच्छ केला आणि मला वाचावयास सांगितला. सहा होता. चाक आत-बाहेर किती बसते तो आकडाही रुचिका यांनी ताडून पाहिला. नवे टायर त्या चाकांवर चढणार होते.

भाऊंना फोनवर कळले तेव्हा ते म्हणाले, “विदू, पैठणीवर रबरी चपला घालतेस?”

“भाऊ, चपला चावत नाहीत ना, तेवढं बघते.”

बाईंना वाईट वाटले नाही असे मी लिहिणार नाही. रुपेरी चाके दुकानात एकावर एक ठेवली गेली, तेव्हा त्या तिकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

रविवारी आवारात पुष्कळ गाड्या होत्या आणि त्यांची चाके आरशासारखी होती. तपासनीसाने बाईंच्या गाडीचे चाक दोन्ही बाजूंना वळवून पाहिले, आत हात घातला आणि काचेवर क्रमांक चिकटविला. मी आणि भाऊ दोरीपाशी उभे राहिलो. भाऊ सुयशला फोनवर दाखवीत होते, पण त्यांनी फोन इतका तिरका धरला होता की सुयशला बहुधा आकाशच दिसले असेल.

निशाण खाली आले. गाडी सुटली. पहिल्या वळणावर मी कान दिला. रबराचा आवाज आला, घासण्याचा आला नाही. एक शंकू पडला. तो उचलावयास दुसरे कोणी धावले. बाई शेवटच्या चौकटीत जाऊन थांबल्या.

लगेच त्या बाहेर आल्या. आयोजक वेळ जाहीर करीत होते, परंतु बाई सिमेंटवर गुडघे टेकून चाकामागे विजेरी मारून पाहत होत्या. कोठेही ओरखडा नव्हता. भाऊंनी वेळ किती लागला ते सांगावयास तोंड उघडले. बाईंनी गुडघे झटकले आणि दुसऱ्या फेरीची रांग कोठून सुरू होते ते विचारत त्या निघूनही गेल्या.