भरून आण

काकांच्या गॅरेजात गाडी उंच करून घ्यायला आलेला माणूस पहिल्या दिवशी हात हलवत परत जायचा. लोकांना वाटतं, गाडी उंच करणं म्हणजे नवे बूट घेण्याइतकं सोपं. किती इंच वर घ्यायची ते सांगायचं आणि चहा पिऊन येईपर्यंत गाडी तयार. काका इंचांचं नावच काढायचे नाहीत. गाडीभोवती एक चक्कर मारायचे, मागच्या चाकावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "रिकामी कशाला आणलीस? जशी नेणार आहेस तशी भरून आण." त्यावरून अख्ख्या गल्लीनं त्यांचं नावच 'भरून आण' पाडलं होतं. काकू चिडल्या की त्याही तेच नाव वापरायच्या.

पण म्हातारा उगाच हट्ट करत नव्हता. खडकाळ वाटेवर चालणारी जीपसारखी गाडी उभी असते पाट्यांवर, म्हणजे चाकांवर एकावर एक बांधलेल्या पोलादी पट्ट्यांवर. पाटे मऊ टाकले आणि गाडी भरली, तर ती बूड टेकते, आणि हौसेनं घेतलेली उंची कुठं गेली ते कळत नाही. कडक टाकले आणि रिकामी पळवली, तर दगडादगडाला उड्या मारते. म्हणून आधी ओझं, मग उंची. कुठं चाललास, हे मात्र काकांनी कधी कुणाला विचारलं नाही. कोण हौसेनं जातो, कोण बायकोशी भांडून जातो, आपल्याला काय करायचंय, असं त्यांचं म्हणणं. सामान बघितलं की त्यांना पुरे व्हायचं.

काका-काकूंना मूल नव्हतं. भाऊ आणि भावजय गेल्यावर त्यांची दोन पोरं याच घरात वाढली, थोरला आणि धाकटा. गेल्या वर्षी दोघं जुन्या जीपमधून मिठाच्या मैदानावर गेले. शहर संपलं की दगडांची वाट लागते आणि ती संपली की हे मैदान. वरून पांढरं, टणक, आणि खाली चिखल. जीप पोटापर्यंत रुतली. धाकटा म्हणाला, मी ट्रकच्या रस्त्यापर्यंत चालत जाऊन कुणाला तरी घेऊन येतो. थोरला म्हणाला, जा. पुढं थोरला मिठाच्या ट्रकवाल्यांना सापडला. धाकटा कुणालाच सापडला नाही. शोधणारे शोधून दमले आणि आपापल्या कामाला लागले.

तेव्हापासून थोरला घरात होता खरा, पण असून नसल्यासारखा. हाक मारली की जेवायला यायचा, ताटात बघत जेवायचा, ताट धुऊन ठेवायचा. काकू म्हणायच्या, एकदा भांडला तरी बरं वाटेल.

मग एका सकाळी तो दुसरी एक जुनी जीप घेऊन गॅरेजच्या दारात उभा राहिला. "काका, उंच करायचीय. चार इंच."

काकांच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच. तरी ते धंद्याचं बोलले. "चार कशाला? चार इंचांना गाडी उतारावर कलंडायला बघते. ब्रेकचे पाइप तोकडे पडतात. दोन पुष्कळ झाले."

"तेव्हा चार असते तर पोट टेकलं नसतं."

त्या चिखलाला दोन काय आणि दहा काय, वरचा पापुद्रा फुटला की फुटला. काकांना हे ठाऊक होतं. पण ते बोलायचं म्हणजे चूक कुणाचीच नव्हती असं म्हणायचं, आणि पोराला तर चूक हवी होती, ती सुद्धा स्वतःचीच. ते नुसतं सवयीनं म्हणाले, "भरून आण."

दुसऱ्या दिवशी तो भरून घेऊन आला. गल्लीच्या टोकाला भंगारवाल्याचा वजनकाटा होता, तिथं दोघं गेले. भंगारवाल्यानं आकडा बघितला आणि ओरडून म्हणाला, "अहो 'भरून आण', ही तर रिकामीच आहे." एरवी काकांनी त्याला चार शब्द परत ऐकवले असते. त्या दिवशी त्यांनी मुकाट्यानं मागचं दार उघडलं.

आत एक फावडं होतं, दोर होता, दुर्बीण होती, अंथरुणाची वळकटी होती. पाण्याचा एक कॅन. डिझेलचा एक कॅन. बिस्किटांचे दोन पुडे.

"स्टेपनी कुठंय?"

"काढून ठेवली. उगाच वजन."

"डिझेल एवढंच?"

"जायला पुरतं."

काकांनी डिझेलचा कॅन हलवून बघितला.

"आणि यायला?"

थोरला काट्याकडे बघत होता. "काका, कुठं जातोस ते तुम्ही कुणाला विचारत नाही ना?"

"कुठं ते मी विचारलंच नाही. यायला काय, ते विचारलं."

"बघू," तो म्हणाला.

घरी येऊन काकांनी काकूंना सगळं सांगितलं, तशा त्या म्हणाल्या, "नाही म्हणून सांगा. पाटे मिळत नाहीत म्हणा. काहीही म्हणा."

काकांनी तसंच सांगितलं. आयुष्यात त्यांना धड खोटं बोलता आलं नव्हतं, ते आता कुठलं यायला. थोरला शांतपणे म्हणाला, "मग चौकात जातो. संध्याकाळपर्यंत करून देतात." चौकातलं दुकान म्हणजे नुसता चकचकाट. खाटेच्या पायाखाली विटा ठेवाव्यात तसे ते गाडीखाली ठोकळे सारायचे, आणि त्यांच्या उंच केलेल्या गाड्या दोराला बांधून काकांकडे ओढत यायच्या. त्याला तिकडं पाठवायचं म्हणजे आपल्याच हातानं ढकलायचं.

"दोन इंच. आणि पाटे कोणते ते मी ठरवणार," काका म्हणाले.

"चालेल."

ते 'चालेल' ऐकून काकांना जास्त भीती वाटली. ज्याला गाडीची काळजी असते तो भांडतो, एकेका इंचासाठी जीव खातो. याला उंचीचंही काही उरलं नव्हतं.

गॅरेजच्या मागच्या भिंतीला पाट्यांच्या दोन जोड्या टेकवून ठेवलेल्या होत्या. त्या एवढ्याशा सामानाला मऊ पाटे हवे होते, हे गॅरेजातलं कुणीही सांगितलं असतं. काका त्या जोडीपाशी बराच वेळ उभे राहिले. मग तिला सोडून त्यांनी कडक जोडी ओढून काढली, गच्च भरलेल्या गाड्यांना लागणारी, आणि दिवसभर जीपखाली पडून एकट्यानं बसवली. नवे शॉकॲब्सॉर्बर लावले, ब्रेकचे पाइप लांब टाकले. उद्या काहीही होवो, हातचं काम कच्चं सोडायचं नव्हतं.

संध्याकाळी त्यांनीच जीप भरली. पाण्याचे कॅन, डिझेलचे कॅन, स्टेपनी, जॅक, काकूंनी बांधून दिलेलं खाणं. दोन माणसांना जाऊन यायला पुरेल आणि वर उरेल एवढं. थोरल्यानं सगळं बघितलं. मग गल्लीतून चक्कर मारून आला. भरलेली जीप त्या पाट्यांवर लोण्यासारखी चालली. "छान झालीय, काका," तो म्हणाला आणि त्यानं काकांच्या खांद्यावर हात ठेवला. गेल्या वर्षापासून त्यानं कुणाला हात लावला नव्हता.

पुढची सगळी रात्र ते कूस बदलत होते. त्याला कोंडून ठेवावं का, असंही मनात येऊन गेलं. पण एवढ्या मोठ्या माणसाला किती दिवस कोंडणार?

उजाडताना काका स्वयंपाकघरात बसले होते, काकू चहा गाळत होत्या. बाहेर जीप सुरू झाली. काका उठले नाहीत, नुसते कान देऊन बसले. जीप गल्लीच्या टोकाला गेली, तिथं गतिरोधक होता. पुढची चाकं गेली. मग मागची चाकं उडाली, दणकन आपटली आणि पाटे खणखणले. भरलेली गाडी असा आवाज करत नाही.

"गेला?" काकूंनी विचारलं.

"रिकामा गेला."

दोघं धावत गॅरेजात आले. सगळे कॅन भिंतीला लागून ओळीत ठेवलेले होते, नीट, झाकणं घट्ट लावून. शेजारी स्टेपनी, जॅक, खाण्याची पिशवी. पोरगं लहानपणापासून टापटिपीचं होतं.

काकांनी स्वतःची जुनी पिकअप काढली आणि कॅन मागं चढवायला सुरुवात केली. काकूंनी दुसरीकडून हात लावला. त्यांच्या हातातून एक कॅन निसटला, तो त्यांनी पुन्हा उचलला. सगळं चढल्यावर त्या पुढं येऊन बसल्या.

"या खटाऱ्यानं गाठाल का हो त्याला?"

"पुढचा सगळा रस्ता दगडांचा आहे. त्या पाट्यांवर रिकामी गाडी पळवता येत नाही, माणूस आत टिकत नाही. त्याला सावकाशच जावं लागेल." काकांनी किल्ली फिरवली. "म्हणून तर तेच टाकले."

काकूंनी त्यांच्याकडे वळून बघितलं. "आणि दगड संपल्यावर?"

"मग मीठ. मीठ सपाट असतं," काका म्हणाले. "तिथं रिकामी गाडीही पळते."

काकूंनी दार ओढून घेतलं.